लायसन्स माझं, मासा मामांचा

आमच्या सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक फोटो फिरतोय. त्यात माझ्या बायकोचे मामा उभे आहेत. डोक्यावर गाईडची टोपी, बनियनवर नारिंगी लाइफ जॅकेट आणि दोन्ही हातांवर आडवा घेतलेला एक मिशाळ, चपट्या डोक्याचा, राक्षसी मासा. खाली अभिनंदनाचा पूर. "मामा, या वयात!" "कोकणचा वाघ टेक्सासमध्ये!" एका मावससासूबाईंनी तर मामांची दृष्ट काढायला सांगितली आहे. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, माशाच्या शेपटीखाली, एक मनगट दिसतं. सोललेलं, लालभडक. ते माझं आहे. बाकीचा मी फोटोच्या बाहेर आहे. कारण मासा मामांना एकट्याला पेलेना, आणि फोटो काढणारा गाईड मला म्हणाला, "बडी, जरा खाली वाक, फ्रेममध्ये येतोयस." मी वाकलो.

हा मासा मी पकडला आहे. हातानं. गळ नाही, जाळं नाही, काठीसुद्धा नाही. टेक्सासच्या कायद्याला या प्रकारात नुसते हातच चालतात. त्यासाठी मासेमारीचं रीतसर लायसन्स काढलं, माझ्या नावावर, माझ्या क्रेडिट कार्डावर. जूनमध्ये काढलेलं हे लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, कारण इथलं लायसन्सचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. हे मला पैसे भरून झाल्यावर कळलं. मामांकडे लायसन्स नव्हतं. ते 'प्रेक्षक' या सदरात आले होते, आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्यालाही त्या दिवशी पाणी लागलेलं नाही.

मामा चिपळूणचे. एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. हयात स्टँडवरच्या माइकसमोर गेली. आता माइक गेला, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोचलेली नाही. डॅलसजवळच्या प्लेनोतल्या आमच्या घरात त्यांनी "चहा झाला का?" एवढं विचारलं तरी शेजारची कुत्री उठून उभी राहतात. सहा महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्याला टेक्सासमध्ये दाखवायचं तरी काय? ह्यूस्टनचं अंतराळ केंद्र झालं. सॅन अँटोनियोचा ऐतिहासिक किल्ला, अलामो, झाला ("एवढंच?"). कॉस्टको हे घाऊक मालाचं अवाढव्य दुकान तर इतक्या वेळा झालं की तिथला चाखायला चीज वाटणारा म्हातारा मामांना नावानं हाक मारतो. मग एका रात्री त्यांनी यूट्यूबवर एक उघडाबंब माणूस बघितला. त्यानं तळ्यात बुडी मारली आणि वर आला तो मनगटाला मासा लटकवूनच. मामांनी जाहीर केलं, "हे तर आम्ही लहानपणी करायचो!" पुढचं सगळं बायकोनं ऑनलाइन बुक केलं. मला तारीख कळवण्यात आली.

याला इकडे नूडलिंग म्हणतात. शेजारच्या ओक्लाहोमात याचं इतकं कौतुक की पॉल्स व्हॅली गावात स्पर्धा भरते. टेक्सासमध्ये मात्र हा २०११ पर्यंत गुन्हा होता. त्या वर्षी गव्हर्नर रिक पेरींनी सही केली आणि इतके दिवस चोरून चालणारी गोष्ट पैसे मोजून करायची सोय झाली. प्रकार असा. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी कोमट झालं की फ्लॅटहेड जातीचा नर कॅटफिश काठाखालचं भोक, दगडांमधली कपार, जुन्या काँक्रीटखालची पोकळी असं काहीतरी बळकावतो. मादी तिथं हजारोंनी अंडी घालते. मग नर तिला हाकलून देतो, स्वतः राखणीला बसतो, पाणी हलवून अंड्यांना वारा घालतो आणि कुणी आत डोकावलं तर चावतो. या चावण्यावर सगळा धंदा उभा आहे. तुम्ही आत हात घालायचा, त्यानं चावायचं, तुम्ही त्याचा जबडा धरायचा. "आमिष कुठंय?" असं मी गाईडला विचारलं. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं.

त्याआधी एक फॉर्म भरून घेतला. बुडून मृत्यू, विषारी साप, स्नॅपिंग टर्टल नावाचं चावरं कासव, बीव्हर नावाचा मोठ्या दातांचा पाणप्राणी, हाताचं बोट अथवा बोटाचा भाग गमावणे आणि उन्हानं त्वचा भाजणे, यांपैकी कशालाही आपण जबाबदार राहणार नाही असं गाईडच्या वतीनं मीच लिहून द्यायचं होतं. साक्षीदाराच्या रेघेवर मामांनी सही ठोकली. पूर्ण नाव, खाली 'निवृत्त वाहतूक नियंत्रक'. वाचली मात्र एक ओळ नाही. "आपल्याला काय, तुमच्या बोटांचा प्रश्न आहे," म्हणाले.

तळं टवाकोनीचं. डॅलसच्या पूर्वेला, आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर. तळं म्हणायचं, पण हे धरणाचं पाणी; सबीन नदी १९६० च्या सुमाराला अडवली त्याचं. टेक्सासमधली बहुतेक मोठी तळी अशीच माणसानं केलेली. पाणी चहाच्या रंगाचं. गाईडनं पुढं केलेल्या आपल्या हाताची बोटं मला बोटभर पाण्याखालीसुद्धा दिसेनात. पाँटून बोटीवर कापडी छत होतं, त्याखाली घडीची खुर्ची, खुर्चीत मामा, मांडीवर डबा. डब्यात भाकरी आणि सुका जवळा. हा जवळा सामानातून अमेरिकेत कसा आला याबद्दल मी विचारलेलं नाही.

मामा पाण्यात उतरणार होते. घरून निघताना तसंच ठरलं होतं, पोहायची चड्डीसुद्धा त्यांनीच घेतली होती. पण वाटेत गाईडनं कौतुकानं काठावरच्या स्टेट पार्ककडे बोट दाखवलं. २००७ मध्ये तिथल्या झाडांवर कोळ्यांनी मिळून एवढं मोठं जाळं विणलं होतं की जगभर त्याच्या बातम्या झाल्या. मी भाषांतर केलं. मामांनी डब्याचं झाकण लावलं. "मग आम्ही बोटीतनंच बघतो," म्हणाले. मी सांगून पाहिलं, मामा, ते झाडांवर होतं, पाण्यात नव्हतं, आणि त्याला कैक वर्षं झाली. "कोळ्याचा भरवसा नाय." ज्यांच्या गावच्या वाशिष्ठीत मगरी ऊन खात पडलेल्या असतात त्या माणसाचं हे वाक्य.

तर एका जुन्या, मोडलेल्या काँक्रीटच्या उतारापाशी बोट थांबली. गाईड तिशीतला, लाल दाढीचा, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत जुन्या खरचटण्यांचे पांढरे वण. छातीभर पाण्यात उभा राहून तो पायानं काँक्रीटखाली चाचपत होता. मध्येच थांबला. चेहरा उजळला. "मालक घरी आहेत," म्हणाला. एका बाजूचं तोंड त्यानं स्वतःच्या पायांनी अडवलं आणि मला दुसऱ्या बाजूनं हात घालायला सांगितलं. तळवा खाली, बोटं जुळवून, अंगठा मुडपून. मी वाकलो. हनुवटी पाण्याला टेकली, डावा कान पाण्यात गेला, हात दंडापर्यंत आत. उजवा कान बाहेर राहिला, आणि तिथंच घात झाला.

"जावईबापू!" बोटीतून घोषणा झाली. "बिळाचं तोंड कसं आहे? चपटं का गोल?"

"दिसत नाहीये, मामा. पाण्याखाली आहे."

"हातानं बघा की! चपटं असेल तर खेकडा. गोल असेल तर जनावर."

जनावर म्हणजे साप. शेताच्या बांधावर खेकडे धरणारा प्रत्येक कोकणी माणूस हे सांगतो, आणि ज्याचा हात बिळात आहे त्यालाच सांगतो.

"काय म्हणतायत ते?" गाईडनं विचारलं.

"भोकाचा आकार विचारतायत. गोल असलं तर साप असतो म्हणे."

गाईड एकदम गंभीर झाला. यजमानाच्या नात्यानं त्यानं मामांकडे तोंड केलं आणि सांगायला सुरुवात केली, की प्रश्न अगदी योग्य आहे. पण इथं आकार बघत नाहीत, हवा बघतात. ज्या भोकात वरच्या बाजूला हवा असते तिथं बीव्हर किंवा साप असू शकतो. जे पूर्ण पाण्याखाली आहे ते त्यातल्या त्यात बरं. आणि तळाला चिखल नसेल, झाडून घेतल्यासारखी जमीन लागली, तर आत मासा. हे सगळं मी एका कानानं ऐकत, हनुवटी वर धरून, मराठीत वर पाठवलं. हात आतच होता. आतली जमीन खरंच झाडून घेतलेली होती.

"बरोबर बोलतो. पोरगा हुशार आहे," मामा म्हणाले. "कुठल्या गावचा?"

"मामा, नंतर विचारू."

"नंतर कशाला? तुम्ही रिकामेच उभे आहात."

विचारलं. तो मूळचा ओक्लाहोमाचा निघाला. हे काम आजोबांनी शिकवलं. आजोबांचं अर्धं बोट एका स्नॅपिंग टर्टलनं नेलं.

"आजोबांचं अर्धं बोट कासवानं खाल्लं," मी वर कळवलं.

"कुठलं बोट?"

मला वाटलं होतं हे तरी गाईडला विचारावं लागणार नाही. लागलं. करंगळीशेजारचं, डाव्या हाताचं.

"मग चालतं," मामा म्हणाले. "तिकीट फाडायला अंगठा आणि पहिलं बोट लागतं. आमच्याकडे एक कंडक्टर होता, त्याला तर..." ही गोष्ट मी भाषांतरित केली नाही. गाईड मात्र माझ्याकडे अपेक्षेनं बघत होता. "सहानुभूती व्यक्त करतायत," मी म्हटलं. गाईडनं टोपीला हात लावला.

"पगार किती त्याला?"

"मामा!"

"अहो विचारा. तरुण पोरगा आहे."

मी जमेल तितकं सभ्य करून "धंदा कसा चाललाय?" असं विचारलं. त्या माणसाला बहुधा कित्येक दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. तो बोलतच सुटला. मासे अंड्यांवर बसतात तेवढे उन्हाळ्यातले आठवडेच काम. पाऊस जास्त झाला तर पाणी चढतं, भोकं हाताला लागत नाहीत, गिऱ्हाइकं रद्द करतात. उरलेलं वर्ष तो लोकांच्या घरांची छपरं दुरुस्त करतो. बोटीचे हप्ते आहेत. बायको म्हणते, हे सोड. तो बोलत होता, मी भाषांतर करत होतो, आणि आत काहीतरी हललं. मी म्हटलं, "हललं." गाईड म्हणाला, "हो, हलणारच," आणि हप्त्यांचं पुढं सांगू लागला.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग माइकवरच्या आवाजात निर्णय दिला. "म्हणजे हंगामी आहे. त्याला सांगा, काळजी करू नको. आमच्याकडे पण रोजंदारीवरचे होते. एक दिवस ऑर्डर निघते. होईल कायम."

मी सांगितलं. "ते म्हणतायत, तू कायम होशील." याचा इंग्रजीत नेमका काय अर्थ झाला देव जाणे. लाल दाढीचा तो धिप्पाड माणूस पाण्यात उभा राहून क्षणभर काही बोललाच नाही. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "थँक यू, सर. हे मला ऐकायचंच होतं." सर म्हणजे मामा. माझ्या वाट्याला बडी.

आणि तेव्हा ते झालं. आधी मनगटावरून काहीतरी लवलवतं, मऊ फिरलं. मिशा. कॅटफिशच्या मिशांवर आणि अंगावरही चव कळणाऱ्या कळ्या असतात, म्हणजे माझी चव घेऊन झाली, मग निर्णय झाला. पुढच्या क्षणी माझा पंजा मनगटापर्यंत कुणाच्या तरी तोंडात होता. याला सुळे-दाढा असं काही नसतं. जबड्याला वर-खाली पॉलिश पेपरच्या पट्ट्या चिकटवलेल्या वाटतात, आणि त्यांचा रोख आतल्या बाजूला. हात जाताना काही म्हणत नाहीत, ओढलात तर कातडी ठेवून घेतात. मी ओढला. त्याबरोबर तो आत गरकन फिरला, माझ्या खांद्यासकट.

मी ओरडलो.

"चावला काय?" वरून चौकशी.

"चावला!"

"मग सोडा, सोडा... अरे सोडू नको मेल्या! धर! धर त्याला! जबडा धर!" जावईबापूंचं मेल्या व्हायला एक श्वाससुद्धा लागला नाही. गाईड काय सांगत होता ते मला ऐकू येत नव्हतं. मी धरलं ते चिपळूण आगाराच्या आवाजावर, हे मान्य करायला मला अजून जड जातं. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढे सगळं तांबूस, गाईडनं खालून मिठी मारली, आणि त्या गदारोळात एक भलं मोठं, चपटं, पिवळसर डोकं पाण्याबाहेर आलं. अगदी बारीक डोळे. चेहऱ्यावर भीती नव्हती, राग होता. घरात घुसलेल्या माणसाकडे बघावं तितपत.

काट्यावर ३१ पाउंड भरला. म्हणजे १४ किलो. गळानं पकडलेल्या फ्लॅटहेडचा विक्रम १२३ पाउंडांचा आहे, कॅन्ससमधला, १९९८ चा. त्यापुढे माझा किरकोळच, पण तो ज्याच्या हाताला लटकला होता त्याच्यासाठी पुरे होता.

मामा आता खुर्चीतून उठले होते. पाचही बोटांचा हिशेब चालू होता. डोकं कालवणाला. मधल्या तुकड्या रव्यात घोळवून. शेपटीकडचा भाग शेजारच्या तेलुगू कुटुंबाला, त्यांचं आपल्यावर उपकाराचं ओझं आहे. बॅगेतून आणलेली तिरफळं कुठल्या डब्यात आहेत हेही त्यांना आठवलं. गाईडनं शांतपणे सांगितलं की घरट्यावरचा नर तो ठेवत नाही, फोटो काढून परत सोडतो. सोडला की बहुतेक वेळा तो परत अंड्यांवर जाऊन बसतो. मी भाषांतर केलं.

मामांना वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे. पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा तेच.

"पैसे देऊन पकडायचा? आणि परत सोडायचा?"

इथं मी, प्रामाणिकपणे सांगतो, दोन्हीकडून चिडलो होतो. गाईडचं म्हणणं मला पटत होतं. मिसुरी राज्यानं २००५ मध्ये हातानं कॅटफिश पकडायला प्रयोग म्हणून परवानगी दिली आणि २००७ मध्ये ती गुंडाळली, ती याच धास्तीनं, की राखणीवरचा नर उचलला की मागची अंडी वाऱ्यावर. पण मग हा विचार गिऱ्हाइकाचा हात आत जाण्यापूर्वी करायला काय हरकत आहे? बिचारा बाप पोरं सांभाळत बसलाय. त्यानं माझं काय घोडं मारलं होतं? आम्ही त्याच्या दारात जाऊन, त्याला चावायला लावून, तो चावला म्हणून बाहेर खेचून, त्याचं वजन करून, माझ्या मामेसासऱ्यांच्या हातात देऊन फोटो काढणार आणि वर त्याला सोडलं म्हणून स्वतःला शाबासकी देणार. खायचा असता तर मला समजलं असतं. पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरणारा माणूस संध्याकाळी ते खातो. तिथं निदान कुणी लाइफ जॅकेट घालून पोज देत नाही. इथं कुणाच्याच पोटात काही गेलं नाही. गेलं असेल तर माझी थोडी कातडी, माशाच्या.

"आई कुठे असते म्हणे?" मामांनी विचारलं.

"अंडी घालून निघून जाते. मग बापच बघतो सगळं."

"चांगली पद्धत आहे," मामा म्हणाले. हा माणूस आमच्याकडे आल्यापासून स्वतःचं ताटसुद्धा सिंकपर्यंत नेत नाही.

मग तो फोटो झाला. मी वाकलो. मासा पाण्यात सोडला, त्यानं एक फटका मारून माझ्या तोंडावर चहाच्या रंगाचं पाणी उडवलं आणि काँक्रीटखाली गेला. मामांनी गाईडला जवळा-भाकरी खाऊ घातली. त्यानं दोनदा मागून घेतली. मला कुणी विचारलं नाही, पण माझा उजवा हात त्या वेळी बर्फाच्या पेटीत होता, त्यामुळे विचारूनही उपयोग नव्हता.

त्या रात्री चिपळूणला फोन लागला. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं; खरं तर फोनची गरज नव्हती, तसंही पोचलं असतं. मामांनी आकडा तोच ठेवून पाउंडांचे किलो केले. "एकतीस किलो! पाण्यात? हां, म्हणजे पाण्यातच की! ...जावई होते ना बरोबर. ते इंग्रजीचं बघत होते."

धक्क्यावरचं सांगायचं राहिलंच. बोट लागल्यावर गाईडनं मामांना स्वतःची टोपी कायमची देऊन टाकली, मिठी मारली आणि पावसाळ्यात खेकडे धरायला चिपळूणला यायचं कबूल केलं. मग माझ्यासमोर टॅबलेट धरला. ट्रिपचे पैसे आधीच गेले होते. ही टिपची पाटी. १८ टक्के, २० टक्के, २५ टक्के, आणि खाली, बारीक अक्षरांत, लाजवायला ठेवलेलं 'टिप नाही'. या देशात चावून घ्यायचीसुद्धा टिप असते. माझा हात सुजलेला, ओला, अंगठ्याची वरची कातडी तळ्यात राहिलेली. स्क्रीनला तो अंगठा माणसाचा वाटेचना. १८ वर दाबला, काही नाही. पुसून पुन्हा दाबला, काही नाही. तिसऱ्यांदा दाबताना घसरला आणि २५ वर हिरवी खूण उमटली.

"रद्द कसं करायचं?" असं मी विचारणार होतो. पण मागून घोषणा झालीच.

"राहू दे जावईबापू! हंगामी पोरगा आहे!"

गाईडनं विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही," मी म्हटलं. "पावती ईमेल कर."